आधी बोंड फोडा

हिंगोलीकडच्या घरात कीड काढायची म्हणजे सूप आणि ऊन. ज्वारीला सोंडे लागले की ती उन्हात पसरतात. ऊन तापले की किडे आपसूक कडेला पळतात, उरलेसुरले पाखडताना जातात. इथे कीड डोळ्यांना दिसते, म्हणून काम सोपे.

शेतात तसे नसते. कापसाची गुलाबी बोंडअळीच घ्या. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढता वाढता तिचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टणक. आत ती सरकी खात बसलेली. वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शास्त्रज्ञ सांगतात, वेगवेगळ्या 20 झाडांची 20 हिरवी बोंडे तोडा आणि फोडून बघा. 2 बोंडांत अळी निघाली, किंवा कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ झाली. पण बोंडे फोडतो कोण? शेजाऱ्याच्या पाठीवर पंप दिसला की आपलाही पंप निघतो. याला कीड काढणे म्हणत नाहीत, स्वतःची समजूत काढणे म्हणतात.

हळदीचे दुखणे तर मातीखालचे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण कंदमाशीला त्याचे काय! उघड्या पडलेल्या कंदाजवळ ती अंडी घालते, अळ्या कंदात शिरतात, मागोमाग कुज येते. वर पान पिवळे पडेपर्यंत खाली बरेच काही होऊन गेलेले असते. वेळेवर मातीची भर दिली असती तर माशीला कंद सापडलाच नसता.

माणसाची कीडही बहुधा आतच असते. नरसीच्या नामदेवांची कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटीने डोकी तपासली आणि सगळ्या संतमेळ्यात हे मडके कच्चे निघाले. नामदेव रुसले, पण शेवटी औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. दोष सांगणारा काका आणि नुसती खुसपटे काढणारा शेजारी यांत फरक आहे. पहिला मिळणे भाग्याचे.

पुण्यात नोकरी करणारी आपली पोरे रात्र-रात्र जागून ‘बग’ काढतात, तेही हेच काम. यंत्रातल्या दोषाला एडिसन 1878 मध्येच बग म्हणत होता. पुढे 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-2 या संगणकात खराच एक पतंग अडकलेला सापडला. तो फेकून न देता तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली. वॉशिंग्टनच्या एका संग्रहालयात ते पान अजून जपून ठेवले आहे.

मला त्या पतंगापेक्षा ती वही मोलाची वाटते. आपल्याकडे औषधाच्या उधारीची नोंद दुकानदाराच्या वहीत असते. अळी किती होती याची मात्र कुठेच नसते. तेव्हा आज फवारणीला निघणार असाल तर पंप जरा खाली ठेवा, बोंडे फोडून बघा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा.