शिक्षापद की शिक्षा?

गेल्या रविवारी विहारात वंदना झाली. बाहेर पायरीवर तेरा-चौदा वर्षांचं एक पोरगं फडक्यात सोल्युशन घेऊन हुंगत बसलेलं. आमच्यातल्या एकानं त्याच्या कानफटात दिली. 'बाबासाहेबांचं नाव घेतोस अन् पाचवं शील मोडतोस?' पोरगं नशेत हसलं. मी गप्प राहिलो. कारण माझ्या दाढेखाली तंबाखू होती. रात्रपाळीला साच्यापुढं झोप येऊ नये म्हणून धरलेली. मला कुणी कानफटात देत नाही. मी कमावता आहे.

मित्रांनो, त्या पोराचा दोष किती?

मला ऑस्ट्रेलियातली पोरं आठवली. तिथं मधल्या वाळवंटात युएंडुमू नावाची वार्लपिरी आदिवासींची वस्ती आहे. १९२८ साली कॉनिस्टन भागात गोऱ्या पोलिसाच्या टोळीनं या लोकांना गोळ्या घातल्या. सरकारी चौकशीनं ३१ मेल्याचं सांगितलं अन् गोळीबार योग्य ठरवला. मेले त्याहून कितीतरी जास्त. १९४६ साली सरकारनं युएंडुमूला शिधा वाटायचं ठाणं घातलं. रानात शिकार करणारा माणूस पीठ-साखरेच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या नातवंडांना ना शिकार, ना काम, ना मान. पुढं ही पोरं मोटारीतलं पेट्रोल चोरून, डब्यात घेऊन हुंगायला लागली. पेट्रोलनं भूक मरते, थंडी कळत नाही. मग मेंदू निकामी होतो. एखादं पोर जागच्या जागी मरतं.

१९९४ साली तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी अन् बायांनी ही पोरं उचलली. दीडशेएक किलोमीटर लांब, माउंट थिओला, वाडवडलांच्या भुईवर नेली. तिथं पेट्रोल मिळत नव्हतं. शिकार होती, माग काढणं होतं, म्हाताऱ्यांच्या गोष्टी होत्या. इकडं वस्तीत बाकीच्या पोरांसाठी खेळ सुरू केले. २००२ पर्यंत युएंडुमूत पेट्रोल हुंगणारं पोर उरलं नाही. २००५ पासून तिकडच्या वस्त्यांत नशा न चढणारं वेगळं पेट्रोल आलं. काही पंपवाले ते विकायला तयार होईनात, म्हणून २०१३ साली संसदेनं कायदा केला. दारू-गांजा तिथं आजही आहे. पण पोरांच्या हातातला डबा सुटला, अन् तो कानफटात देऊन सुटला नाही.

कुणी म्हणेल, म्हणजे सगळा दोष व्यवस्थेचा, पोरगं मोकळं? तसं मी म्हणत नाही. सगळं व्यवस्थाच करते म्हटलं, तर त्या पोराचं आपण बाहुलं केलं. माणूस म्हणून त्याचं काही उरलंच नाही. वार्लपिरी म्हाताऱ्यांनी तसं केलं नाही. त्यांनी पोराला काम दिलं, आपल्या माणसांत जागा दिली. दोष आपण कुणावरही भिरकावतो. जबाबदारी मात्र हातात द्यावी लागते, अन् ती पेलायला बळही द्यावं लागतं.

आपण शील घेतो तेव्हा त्याला शिक्षापद म्हणतो. पालीत सिक्खा म्हणजे शिकणं. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. आपण पालीतून शील घेतलं अन् मराठीतून ते पोराच्या कानफटात मारलं. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, ती पाठीवर मारायची काठी म्हणून दिली नव्हती. ती घेणाऱ्याला त्यांनी आधी माणूस म्हणून उभं केलं होतं. बावीस प्रतिज्ञांतली ती एक. सुटी काढून पोराच्या तोंडावर फेकली तर ती ब्राह्मणाच्या सोवळ्यासारखीच व्हायची.

त्या दिवशी पोराला कुणी नाव विचारलं नाही. जेवलास का, हेही नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ते आलं तर त्याला आत घ्या. सतरंज्या घालायचं काम त्याच्याकडं द्या. एखाद्या रविवारी चुकेल, पुन्हा द्या. अन् मी तंबाखूची पुडी पायरीवरच टाकून आत येईन. मला जमतं की नाही, ते त्यालाही बघू दे.

जयभीम.