हरलेला डाव, बरोबर निर्णय

निर्णयाचं मोल त्याच्या फळावरून ठरवावं का? हा जुना प्रश्न दोघांत रंगणाऱ्या पोकरमध्ये फार स्वच्छ दिसतो. हाताशी १० बिग ब्लाइंडइतक्याच (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी लावावी लागणारी मोठी सक्तीची रक्कम) चिप्स उरल्या की डावपेच जवळजवळ संपतात: एक तर सगळं लावायचं, नाहीतर पत्ते टाकायचे. वाट पाहणंही फुकट नसतं. दर डावाला सक्तीची रक्कम जातेच. अशा वेळी कोणत्या पत्त्यांवर सगळं लावावं, याचे तक्ते गणितज्ञ जॉन नॅशने १९५० मध्ये मांडलेल्या समतोलाच्या (एकट्याने आपली चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही, अशा स्थितीच्या) आधारे काढता येतात. तरीही दोन एक्के हाती असलेला खेळाडू कुठल्याही दोन पत्त्यांपुढे सरासरीने १०० पैकी साधारण १५ वेळा हरतो. त्या १५ वेळा त्याचं चुकलं काय? काहीच नाही. जेवढं ठाऊक होतं त्यावर त्याने निर्णय घेतला. न उघडलेले पत्ते त्याच्या अखत्यारीत नव्हते.

यावर कोणी म्हणेल, ही जुगाऱ्याची सोयीची पळवाट आहे. हरणारा नेहमी नशिबाकडेच बोट दाखवतो. पण हा युक्तिवाद जबाबदारी कमी करत नाही, तिची जागा बदलतो. फळ हातचं सुटलं तरी निवड सुटत नाही. खेळायला बसणं आणि पणाला काय लावायचं हे ठरवणं, हीही निवडच. द्यूतसभेत युधिष्ठिर हरला, हा त्याचा दोष नव्हे. माणसं पणाला लावली, हा दोष. फासे त्याच्या बाजूने पडले असते तरी तो दोष उरलाच असता. म्हणूनच ही कसोटी जिंकणाऱ्यालाही सोडत नाही: वाईट निर्णयाला नशिबाने लाभलेली जीत म्हणजे शहाणपण नव्हे.