दोघंही चुकले, तरी एक जिंकला

“दोघंही चुकलेच होते काका, मग जिंकलं कोण याला अर्थ काय?” पेणचा एक खेळाडू बुद्धिबळाच्या पटावर एका रोहेकराशी तीन तास झुंजून उठला आणि डाव मोबाइलवर चढवून बसलेल्या कॉलेजकुमाराने हे ऐकवलं. ते काही डोक्यातून जात नाही.

दिव्या देशमुखने 2025मध्ये महिला विश्वचषक जिंकला, त्या डावांवर सगळे बोलतात, बोलावंच. मी म्हणतोय ते नोकरी सांभाळून रविवारी खेळणाऱ्यांबद्दल.

शेवटी पटावर दोन राजे, एकेक हत्ती आणि पेणकराचं मधलं एक प्यादं. याची बरोबरी कशी करायची ते बुद्धिबळपटू फिलिडॉरने अठराव्या शतकातच दाखवलंय. राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीवर. प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. रोहेकराने हत्ती घाबरून राजाशेजारी पहिल्या ओळीवर ओढला. पेणकराने मग हातचा विजय एकदा घालवलाही, पण ते रोहेकराच्या लक्षात आलं नाही.

माझ्या मते चूक वेगळी, अज्ञान वेगळं. ठाऊक असून हात घसरला तर ती चूक. रोहेकराला हा शेवट ठाऊकच नव्हता. मोबाइलमधलं बुद्धिबळाचं यंत्र, स्टॉकफिश, दोन्हींना एकच प्रश्नचिन्ह लावतं. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात नुसती मात पुरत नसे. प्याद्याने मात केली तर तिचा मान मोठा, आणि समोरच्याचा राजा एकटा उरला तर ती बुर्जी, तिला पुरा विजय कोणी म्हणत नसे. कसं जिंकलात, हे विचारणारा खेळ होता तो. यंत्राला कसलं कौतुक?

इथवर मी खुशीत होतो. पण यंत्र नव्हतं तेव्हा डावाचा निवाडा कोण करायचं? खुर्चीतले ज्येष्ठ. ते म्हणतील ती चाल बरोबर, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. त्या दिवशीही एका ज्येष्ठांनी हत्ती मागे घेण्याला “सावध खेळ” म्हटलं होतंच. फोनने ते खोडलं, कुणाचं वय न बघता. हे अज्ञान आहे हेसुद्धा रोहेकराला त्यातूनच कळलं; नाहीतर नशिबाला बोल लावत तो गाडीत बसला असता.

तेव्हा फोनशी माझं भांडण मिटलं. पोराशी मात्र आहे. हत्ती तिसऱ्याच ओळीवर का, असं विचारलं तर त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरला.