टी-पेशींचे प्रकार : जाती की उपाधी?

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास माणसाच्या रक्तातील टी-पेशी जवळजवळ एकसारख्याच दिसतात आणि कोणती पेशी काय काम करते याचा पत्ता त्यांच्या रूपावरून लागत नाही. तरीही प्रतिकारशास्त्र त्यांच्यात साहाय्यक, मारक, नियामक, स्मृतिधारी असे भेद करते. या भेदांचा आधार प्रतिपिंडे हा आहे. एकाच विशिष्ट रेणूला चिकटणारी एकसारखी प्रतिपिंडे हवी तेवढी निर्माण करण्याची पद्धत कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये मांडली. अशा प्रतिपिंडाला प्रतिदीप्त रंगद्रव्य, म्हणजे एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश सोडणारे द्रव्य, जोडून पेशी एकामागून एक लेसरच्या झोतापुढून नेल्या की प्रत्येक पेशी कोणत्या रंगात किती उजळली याची नोंद होते. या तंत्राला फ्लो सायटोमेट्री म्हणतात, आणि प्रतिपिंडांनी ओळखल्या जाणाऱ्या पेशींवरील रेणूंना १९८२ च्या पॅरिस कार्यशाळेपासून सीडी-३, सीडी-४, सीडी-८ असे क्रमांक दिले जातात. यंत्र मोजते तो प्रकाश; ‘साहाय्यक टी-पेशी’ नावाची वस्तू ते मोजत नाही. मग हे प्रकार पेशींमध्ये मुळातच असतात की पाहणारा ते पाडतो?

भारतीय तर्कशास्त्राने हा प्रश्न पेशींचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, गाय आणि घट यांच्या निमित्ताने, फार काटेकोरपणे हाताळला आहे. न्यायमतानुसार लक्षण म्हणजे लक्ष्य वस्तूंना इतरांपासून वेगळे करणारा धर्म. तो लक्ष्यातील काहींना लागू पडला नाही तर अव्याप्ती आणि लक्ष्याबाहेर पसरला तर अतिव्याप्ती हा दोष येतो. प्रयोगशाळेतील बराचसा वाद याच दोन दोषांभोवती फिरतो. सीडी-४ हे साहाय्यक टी-पेशींचे लक्षण म्हणावे, तर माणसाच्या मोनोसाइट पेशींवरही तो रेणू थोड्या प्रमाणात असतो; म्हणून टी-पेशींचे चिन्ह असलेल्या सीडी-३ ची जोड द्यावी लागते. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक पेशींची कथा अधिक बोलकी आहे. साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांमध्ये या पेशी सीडी-२५ वरून ओळखल्या, पण उद्दीपित झालेली कोणतीही साधी टी-पेशी सीडी-२५ धारण करू शकते. २००३ मध्ये पुढे आलेला फॉक्स-पी-३ हा प्रथिनरेणू अधिक खात्रीचा वाटला, पण माणसात तोही उद्दीपित साध्या पेशींमध्ये काही काळ प्रकटतो. शिवाय तो पेशीच्या आत असल्यामुळे प्रतिपिंड तेथे पोहोचवण्यासाठी पेशी स्थिर करून तिच्या पटलाला छिद्रे पाडावी लागतात, आणि ओळख पटेपर्यंत पेशी जिवंत राहत नाही. २००६ मध्ये सीडी-१२७ कमी असणे ही आणखी एक अट जोडली गेली आणि जिवंत पेशी वेगळ्या काढणे शक्य झाले. नैयायिक लक्षणात एकेक विशेषण घालून दोषाचा परिहार करतात, त्याहून ही रीत फारशी वेगळी नाही.

निर्दोष लक्षण सापडले म्हणजे जाती सिद्ध झाली, असे मात्र न्यायपरंपराही मानत नाही. जाती म्हणजे नित्य, एक आणि अनेक व्यक्तींत समवाय, म्हणजे अविभाज्य, संबंधाने राहणारे सामान्य. ज्या साधारण धर्माला ही प्रतिष्ठा देता येत नाही, तो केवळ उपाधी ठरतो. उदयनाचार्यांनी सांगितलेल्या जातिबाधकांपैकी एक म्हणजे संकर : दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आणि काही ठिकाणी एकमेकांवाचून आढळले, तर त्यांना जाती मानता येत नाही. सालुस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सीडी-४५-आरए आणि सीसीआर-७ या दोन चिन्हांवरून टी-पेशींचे जे चार गट केले, ते या निकषाचे जणू आखून दिलेले उदाहरण आहे, कारण आलेखाच्या चारही चौकटींत पेशी सापडतात. काही नव्यनैयायिकांना संकर हा बाधक मान्य नाही, हे खरे. पण दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. गोत्व गायीला आयुष्यात कधी सोडत नाही, तर अननुभवी टी-पेशी प्रतिजनाशी गाठ पडल्यावर तीच राहून सीडी-४५-आरए गमावते. जे येते आणि जाते, त्याला जातीऐवजी बाल्य-तारुण्यासारखी अवस्था म्हणणे अधिक योग्य होय.

बौद्ध तार्किकांना हा निष्कर्ष आवडला असता, कारण त्यांच्या मते सामान्य वस्तूत नसतेच. पण धर्मकीर्तीचे म्हणणे येथे थांबत नाही : परस्परांहून भिन्न असलेल्या वनौषधी ज्वरशमनाचे एकच कार्य करतात, आणि तेवढ्यावरून, त्यांच्यात एखादे सामान्य न मानताही, त्या एका वर्गात घेता येतात. वैद्यकाला परवडणारे मत हेच आहे. सीडी-४ आणि सीडी-८ हा भेद टिकाऊ ठरला, तो या चिन्हांचे कार्याशी नाते असल्यामुळे. टी-पेशींपुढे प्रतिजनाचे तुकडे मांडणाऱ्या एमएचसी रेणूंपैकी वर्ग-२ ला पहिला रेणू, तर वर्ग-१ ला दुसरा बांधला जातो. आलेखावर रेषा ओढून ‘गेट’ पाडताना, विशेषतः उजळ आणि मंद पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात तेथे, असा आधार हाताशी नसतो आणि तज्ज्ञाचा निर्णयच रेषेची जागा ठरवतो.

तरी हे सर्व मानवी सोयीचे म्हणून सोडून देण्याच्या आड एचआयव्ही येतो. हा विषाणू पेशीत शिरताना सीडी-४ ला आणि बहुधा सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ या सहग्राहकाला बिलगतो. त्याला कोणतीही परिभाषा ठाऊक नसताना तो वर्गीकरण करतो, आणि पुण्यापासून जोहान्सबर्गपर्यंत रुग्णाच्या अहवालात छापली जाणारी ‘सीडी-फोर काउंट’ त्याच वर्गीकरणाचा परिणाम मोजते. मात्र त्याचा वर्ग प्रयोगशाळेच्या वर्गाशी तंतोतंत जुळत नाही. मोनोसाइट आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवरील ज्या सीडी-४ ला प्रयोगशाळा अतिव्याप्ती म्हणून सीडी-३ च्या चाळणीने वगळते, तोच विषाणूच्या लेखी लक्ष्याचा भाग आहे, आणि मॅक्रोफेजमध्ये तो खरोखर शिरतोही.