गुरुदक्षिणा कोणी द्यावी?

एकाने कष्टाने कमावलेले कसब दुसऱ्याला आयते मिळाले, तर त्यात कोणाचे काही बिघडते काय? प्रश्न जुनाच आहे. कोणी वैद्य आपला हातखंडा काढा पोटच्या मुलालाही शेवटपर्यंत सांगत नसे, कोणी गवई आपली खास चीज बरोबरच घेऊन जाई. अशांच्या कृपणपणाला आपण नावे ठेवीत आलो. आता काळाने उलटीच गंमत केली आहे. गुरूला न विचारता त्याची विद्या उचलणारे यंत्र निघाले आहे.

ही कादंबरीकाराची कल्पना समजू नका. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या तीन संशोधकांनी एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या ५,१७२ नोकरांचे काम तपासले, आणि त्यांचा निबंध २०२५ साली एका मान्यवर त्रैमासिकात आला. हे नोकर बहुतेक फिलिपाईन्समधले. अमेरिकेतल्या छोट्या व्यापाऱ्याने अडचण लिहून कळवावी, यांनी लिहूनच ती सोडवावी, असे काम. आपल्या पुण्यामुंबईची कितीतरी मुलेमुली रात्रपाळीला असलीच कामे करतात. २०२० च्या अखेरीपासून त्यांतल्या काहींच्या पडद्यावर कृत्रिम बुद्धिमत्ता उत्तरे सुचवू लागली. ते उत्तर घ्यावे की सोडावे, हे मात्र नोकराच्याच हाती.

यंत्राला हे शहाणपण आले कोठून? जुन्या संभाषणांतून. चिडलेल्या गिऱ्हाइकाला कोणत्या शब्दांनी शांत करावे, कोणता प्रश्न आधी विचारला म्हणजे दुखणे चटकन सापडते, हे निपुण नोकरांचे वळण यंत्राने टिपले आणि नवशिक्यांपुढे ठेवले. तासागणिक सुटणाऱ्या अडचणी सरासरी १५ टक्क्यांनी वाढल्या, नवशिक्यांच्या बाबतीत तर कितीतरी अधिक. यंत्राच्या साथीने दोन महिने काम केलेला माणूस, यंत्रावाचून सहा महिन्यांहून अधिक काम केलेल्याच्या पंक्तीला बसला. यंत्र मधूनच बंद पडे, तेव्हाही त्यांचे काम पूर्वीपेक्षा सरस राही. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला यातले हेच विशेष वाटते. ती पोपटपंची असती, तर पाटी पुसताच धडाही पुसला गेला असता. काहीतरी खरोखर शिकून झाले होते.

आणि ज्यांची विद्या होती, त्यांना काय मिळाले? जवळजवळ काही नाही. त्यांचा वेग थोडासा वाढला, कामाची प्रत किंचित उतरली. जेथे बक्षिशी बरोबरीच्यांशी तोलून दिली जाते, तेथे तर आपल्याच कसबाने मोठा झालेला शेजारी आपल्या ताटातला घास कमी करणार!

एकलव्याची कथा आपण मुलांना सांगतो. द्रोणाचार्यांनी त्याला शिकवले नाही, तरी अंगठा मागून घेतला. येथे गुरूने शिकवले, पण आपण शिकवीत आहोत याचा त्याला पत्ता नाही, आणि दक्षिणा मागायची तरी कोणाकडे? नवशिक्याकडे खास नव्हे. घरी पैसे धाडणाऱ्या मनिलातल्या त्या पोरीचा यात काय अपराध? चार महिन्यांची धडपड वाचली, शिव्या कमी खाव्या लागल्या, हे चांगलेच झाले. ज्ञान वाटावे, याविषयी मला शंका नाही.

कोणी म्हणेल, निपुणाला पगार मिळतच होता. खरे. पण तो पगार गिऱ्हाइकाची अडचण सोडवण्याचा. हजारो अनोळखी शिष्य तयार करण्याचा पगार त्याच्या करारात कोणी लिहिला होता? अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे करून दाखवण्याची युक्ती मी आमच्या शाळेतल्या एका वडीलधाऱ्या मास्तरांकडून घेतली. ती शिकवताना आजही त्यांचे नाव मी मुलांना सांगतो. त्यांनी ती मला आपखुशीने दिली होती, म्हणून ते दान झाले. न विचारता घेतलेल्या वस्तूला दान म्हणत नाहीत, मग ती वस्तू घेतल्याने कमी होवो वा न होवो.

यात व्यवहारही आहे. यंत्र निपुणांवर पोसते. उद्या निपुण होण्यात कोणालाच गोडी उरली नाही, तर नवे कोडे पडल्यावर नवे उत्तर शोधणार कोण? यंत्र मग जुनीच उत्तरे उगाळीत बसेल. म्हणून लाभ ज्या धन्याच्या तिजोरीत जातो, दक्षिणा त्यानेच द्यावी. आधी विचारावे, नाव सांगावे, आणि वाढलेल्या मिळकतीतला वाटा ज्याच्या कसबावर ती वाढली त्याच्या हाती ठेवावा. मनिला असो की पुणे, हे अशक्य नाही. हिशेब ठेवणारे यंत्र तर त्यांच्यापाशी आहेच.

या दिवाळीत एका पणतीवरून दुसरी लावताना मुलांना जरूर सांगा, की ज्योत दिल्याने उणी होत नाही. त्याबरोबर एवढेही सांगा, की पहिल्या पणतीत तेल कोणीतरी घातले होते.