मंगळवारची गाडी

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एका कापडवाल्या शेठची पद्मिनी मंगळवारी सकाळी उठायची नाही. बाकीचे दिवस चोक ओढला, किल्ली फिरवली की चालू. मंगळवारी मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची आणि मग दुकानातली पोरं धक्का मारायला धावायची. शेठच्या पत्रिकेत मंगळ. बंपरला लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर मारुतीराय. "मिस्त्री, तुम्ही प्लग बघायचे तर बघा," ते मला म्हणाले, "पण दोष तिथं नाही."

मी प्लग पाहिले. विटकरी, कोरडे, छान. पॉइंट घासलेले नव्हते, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला तडा नव्हता. कोकणातल्या पावसात ती कॅप आतून घामेजायची आणि निम्म्या गाड्या तिच्यापायी अडायच्या, म्हणून माझा हात आधी तिकडेच जायचा. पण हा दमटपणा वार पाहून येत नाही.

त्या काळात माझ्या बाकड्यावर एक म्हातारे शास्त्रीबुवा बसायला यायचे. जन्मभर पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवलेलं. चहा माझा, तर्क त्यांचा. त्यांनी शेठना एवढंच विचारलं, "सोमवारी गाडी काय करते हो?"

"सोमवारी दुकान बंद. गाडी दारात उभी."

बुवा माझ्याकडे वळले. "घे, ही उपाधी."

मग समजावलं. धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं, पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाला कुठं धूर असतो? धुराला ओलं सरपण लागतं. दोन गोष्टी बरोबर दिसतात तेव्हा त्यांच्यामागे तिसरी लपलेली असू शकते, तीच उपाधी. ती शोधल्याशिवाय नातं जोडायचं नाही. मंगळवार आणि गाडी यांच्यामध्ये सोमवारचं उभं राहणं होतं.

पुढच्या मंगळवारी मी शेठच्या दारात गेलो आणि किल्लीला हात न लावता एअर फिल्टर काढला. कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून बोटानं थ्रॉटल ओढला. पेट्रोलची बारीक धार उडायला हवी होती. खडखडीत कोरडं. मग बाटलीच्या झाकणानं थोडं पेट्रोल आत ओतलं आणि शेठना किल्ली मारायला सांगितली. गाडी पहिल्या झटक्यात उठली. म्हणजे ठिणगी होती, पेट्रोल नव्हतं.

पद्मिनीचा पेट्रोलपंप इंजिनाच्या कॅमवर चालतो, त्यामुळे इंजिन फिरेपर्यंत तो स्वस्थ असतो. त्याचा व्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातलं पेट्रोल हळूहळू मागं टाकीकडे उतरतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं तेवढं उरतं, तेही उभ्या गाडीत उडून जातं. एका रात्रीत वाटी रिकामी होत नाही, दोन रात्री आणि मधला दिवस गेला की होते. मग पाइप आणि वाटी भरेपर्यंत सेल्फ मारत बसायचं. तोवर बॅटरी दमते, ती दमली की ठिणगीही मंद होते, आणि शेठला वाटतं सगळंच एकदम बिघडलं.

मी लगेच पंप उघडायला निघालो तर बुवांनी थांबवलं. "अन्वय झाला, व्यतिरेक कुठाय? उभी राहिली की अडते हे दिसलं, उभी राहिली नाही तर अडत नाही हे कुठं दिसलं?" त्यांच्या हट्टाखातर एका सोमवारी गाडी बहादूरशेख नाक्यापर्यंत फिरवून आणली. मंगळवारी सुरळीत उठली. मग बुधवारी रात्रीपासून मुद्दाम उभी ठेवली, तर शुक्रवारी अडली. तेव्हा कुठं पंप उघडू दिला. व्हॉल्व्ह गेलेलाच होता. नवा पंप बसवला. पत्रिकेतला मंगळ जागेवरून हलला नाही, गाडी मात्र मंगळवारची उठू लागली.

शेठना हे लागलं. "म्हणजे देव नाही म्हणता?"

बुवा तापले. न्यायवाल्यांना नास्तिक म्हणायचं? उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहिली तीच ईश्वर सिद्ध करायला. पण याच परंपरेनं ईश्वर, काल, दिशा, अदृष्ट यांना साधारण कारणांत बसवलं आहे. प्रत्येक कार्याला ती असतातच. गाडी उठली तेव्हाही होती, अडली तेव्हाही होती. मग आजच का अडली, याचं उत्तर त्यांच्यातून निघायचं कसं? लिंबू-मिरचीची गत त्याहून वाईट. न्यायाच्याच 'मुक्तावली' या ग्रंथात घटाच्या कारणांची चर्चा आहे. माती वाहून आणणारं गाढव घट घडताना हजर असलं तरी त्याला कारण म्हणत नाहीत. "ते लिंबू म्हणजे कुंभाराचं गाढव," बुवा म्हणाले. शेठ महिनाभर बुवांशी बोलले नाहीत.

एका जागी माझं बुवांशी जमलं नाही. कणादानं चुंबकाकडे सुई ओढली जाते ते अदृष्टामुळे, म्हणजे न दिसणाऱ्या कारणामुळे, असं म्हटलंय. मी त्यांना सेल्फ उघडून दाखवला. बुवा, या तांब्याच्या गुंडाळ्यांत करंट सोडला की त्यांचा चुंबक होतो आणि तोच हे इंजिन फिरवतो. तुमचं अदृष्ट मी दर आठवड्याला पॉलिश पेपरनं घासतो. ते म्हणाले, एक दिसलं म्हणून सगळं दिसलं असं होत नाही. खरं आहे. पण आधी दिसण्यासारखं सगळं पाहून घ्यावं आणि मगच अदृष्टाचं नाव काढावं, हे त्यांचंच शास्त्र सांगतं, आणि त्यांच्याच काही शिष्यांना ते पाळताना मी पाहिलेलं नाही.

अशा श्रद्धेला हसणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मारुतीला नमस्कार करून किल्ली फिरवणाऱ्यानं कोणतीच चूक केलेली नाही. तो नमस्कार पंपाबद्दल काही म्हणतच नाही. चूक होते ती नमस्कारालाच निदान समजल्यावर, कारण मग बॉनेट उघडायचं राहून जातं.

तेव्हा गाडी अडली तर लिंबू खुशाल बांधा. पण मिस्त्रीला एवढं नीट सांगा: किती वेळ उभी होती, गार होती की तापलेली, पाऊस होता का, सेल्फ जोरात फिरत होता की कण्हत. बाकीचं त्याचं तो बघेल.