ऐकल्यासारखी मान



समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नसताना "हो, हो" म्हणून मान डोलावली, तर ते खोटे बोलणे झाले का? मला काही वर्षांपासून कमी ऐकू येते, त्यामुळे हा प्रश्न माझा स्वतःचा आहे. ठाणे स्टेशनवर फलाट बदलल्याची घोषणा होते, सगळे पुलाकडे पळतात, त्यांच्यामागे मीही. त्यात कोणाचे नुकसान नाही. पण गोदामात साहेबांनी सात खोकी सांगितली, मी मान हलवली आणि साठ काढली. तिथे पापाचा प्रश्न उभा राहतो.

वय वाढले किंवा यंत्रांच्या गोंगाटात वर्षे गेली की बारीक, उंच आवाज आधी जातात. स, फ, थ असे वर्ण विरतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. म्हणूनच ओरडून उपयोग होत नाही. श्रवणयंत्र लावले तर पंख्याची घरघरही मोठी होते. कोलशेत रोडच्या कारखान्यांत जन्म काढलेल्यांना हे सांगायला नको. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीतही नोंदले गेले होते.

तरी मान का डोलते? पहिल्यांदा "काय म्हणालात?" विचारले तर माणसे पुन्हा सांगतात. दुसऱ्यांदा आवाज चढतो. तिसऱ्यांदा उत्तर येते, "जाऊ दे, काही नाही." त्या "जाऊ दे"ची धास्ती असते. (घरातले ते जास्त लागते.) माझी मान खोटी होती, हे मी नाकारत नाही. पण त्या खोट्यात "जाऊ दे" म्हणणाऱ्याचाही वाटा आहे, असे मला वाटते.

मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशू बहिऱ्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श करतो. "मोकळा हो" हा शब्द नंतर येतो. बाजूला नेणे मी पूर्वी वाचूनही सोडून देत असे. आता तेच आधी दिसते. चमत्कार आपल्या हातात नाही, पण मिस्सेनंतरच्या गलक्यातून एखाद्याला भिंतीकडे घेऊन समोरासमोर बोलणे जमण्यासारखे आहे.

मीही आता दुकानात आधीच सांगतो, "मला कमी ऐकू येते, सावकाश बोला." पहिल्या दिवशी जीभ अडखळली. वाण्याने मुकाट्याने आकडा कागदावर लिहून दिला. साहेबांना मात्र अजून सांगितलेले नाही.